नव्याचे नऊ आठवडे

शेवटच्या दिवशी सगळे हजर असतात. दोन महिन्यांपूर्वी बस पकडायला धावतानाही ज्यांना धाप लागत असे, ती मंडळी सलग तीस मिनिटे धावून मैदानात परततात. टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात, कुणीतरी घरून पोहे आणलेले असतात. ‘आता थांबू नका हं,’ असे प्रशिक्षक बजावतात आणि सगळे मान डोलावतात. मग मंगळवार उजाडतो. साडेपाचचा गजर वाजतो. पण आज किती धावायचे, कुठे जमायचे, हा आदल्या रात्री येणारा निरोप या वेळी आलेला नसतो. गजर बंद होतो. गुरुवारी पाऊस असतो, शनिवारी पाहुणे. महिन्याभरात बूट चपलांच्या कपाटात मागच्या रांगेत जातात.

हे दृश्य आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही ओळखीचे झाले आहे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याच्या घाटातील अर्धमॅरेथॉन डोळ्यांपुढे ठेवून ठिकठिकाणी धावण्याचे गट तयार झाले. नवशिक्यांसाठी आठ-दहा आठवड्यांचे कार्यक्रम होतात. मोबाइलवरच्या ॲपच्या सूचना ऐकत एकट्याने धावायला शिकणारेही बरेच आहेत. धावायला सुरुवात कशी करावी, यावर भरपूर बोलले जाते. कार्यक्रम संपल्यावर पुढे काय, यावर मात्र कुणी फारसे बोलत नाही. आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

अशा कार्यक्रमांतला सर्वांत प्रसिद्ध आराखडा अमेरिकेतील जॉश क्लार्क या तरुणाने १९९६ मध्ये तयार केला. धावण्याची सुरुवात त्याला स्वतःला जड गेली होती. पन्नाशीतल्या आपल्या आईलाही धावता यावे, असे त्याला वाटत होते. सोफ्यावरून उठून थेट पाच किलोमीटरपर्यंत, असे त्या योजनेचे नावच सांगते. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने तिचे नऊ आठवड्यांचे रूप लोकांपर्यंत मोफत पोहोचवले. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भराभर चालायचे, मग साठ सेकंद धावायचे आणि नव्वद सेकंद चालायचे, असे आलटूनपालटून वीस मिनिटे. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस सलग वीस मिनिटे धावणे, नवव्या आठवड्यात तीस मिनिटे. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम याच चालीवर बेतलेले असतात.

ही योजना चालते, कारण ती नवख्या माणसाच्या डोक्यावरचे तीन भार उचलते. कधी धावायचे, हे तीच ठरवते. किती धावायचे, हेही तीच ठरवते, त्यामुळे उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी कुणी पाच किलोमीटर धावून गुडघा धरून बसत नाही. आणि तिसरे म्हणजे सोबत. कानातला आवाज असो की गटातले काका-मावशी, कुणीतरी वाट पाहत असते. कार्यक्रम संपतो तेव्हा वेळ, मात्रा आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी काढून घेतल्या जातात. त्यानंतर माणूस धावायचा थांबला, तर त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. पण प्लास्टर काढल्यावर पायाला व्यायाम न सांगताच रुग्णाला घरी पाठवले आणि पुढे पाय आखडला, तर त्याचा दोष एकट्या रुग्णाचा नसतो.

साठवून न ठेवता येणारी कमाई

नऊ आठवड्यांत शरीरात जे बदल होतात, ते खरे असतात. हृदय दर ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकू लागते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, स्नायूंमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म यंत्रणा वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. विश्रांतीच्या वेळची नाडी थोडी मंदावते. जिना चढताना फरक जाणवतो तो यामुळेच. मात्र ही कमाई बँकेतल्या मुदत ठेवीसारखी नाही. तिला वापरात ठेवावे लागते.

दीर्घ काळ सराव असलेल्या खेळाडूंनी सराव बंद केल्यावर काय होते, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजले गेले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्क्यांनी घसरली आणि तीन महिन्यांच्या आत ही घसरण १६ टक्क्यांवर पोहोचली. सुरुवातीची घसरण झपाट्याने होते, कारण वाढलेला रक्तद्रव सर्वांत आधी कमी होतो. नवशिक्याची कमाई दोन महिन्यांचीच असते. ती टिकवून धरणारा वर्षानुवर्षांचा पाया त्याच्यापाशी नसतो.

डॅलस शहरातील एक जुना प्रयोग याहून बोलका आहे. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता हिरावली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने हिरावली होती! पुढचा भाग अधिक आशादायक आहे. सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्या-धावण्याच्या आणि सायकलच्या व्यायामाने ते पन्नाशीतले गृहस्थ क्षमतेच्या बाबतीत पुन्हा विशीतल्या पातळीला आले. माणसे पाचच होती, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण थांबल्याची किंमत किती लवकर मोजावी लागते आणि परत सुरुवात करायला उशीर कसा झालेला नसतो, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात.

मधुमेहाच्या बाबतीत हा हिशेब आणखी रोखठोक आहे. व्यायामानंतर स्नायू रक्तातील साखर अधिक सहजतेने उचलतात. इन्सुलिन अधिक परिणामकारक होते. हा परिणाम एक ते तीन दिवस टिकतो आणि ओसरतो. म्हणजे मंगळवारच्या धावण्याचा फायदा फार तर शुक्रवारपर्यंत. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारलेल्या २०२३च्या अहवालात म्हटले आहे. देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत आणि महिलांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीने दाखवले. अशा देशात धावायला शिकलेला आणि मग थांबलेला माणूस ही हातातून निसटलेली संधी आहे.

फायद्यासाठी फार धावावे लागते, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. नऊ आठवड्यांनंतरची तीन दिवसांची तीस मिनिटे म्हणजे ९० मिनिटे झाली. यातील धावण्याची गरज तिथेच भागते. ५५ हजारांहून अधिक प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला पाच-दहा मिनिटे सावकाश धावणाऱ्यांतही न धावणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. सर्वाधिक फायदा दिसला तो वर्षानुवर्षे धावत राहिलेल्यांत. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. निरोगी माणसेच जास्त धावतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. तरीही अंतर किंवा वेग यांपेक्षा सातत्याला वजन आहे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

दम पुढे, हाडे मागे

कार्यक्रम संपल्यावर होणारी दुसरी चूक पहिलीच्या नेमकी उलट असते. काही जण थांबतात. काही जण सुसाट सुटतात. पाच किलोमीटर जमले, तर दहा का नाही? तीन दिवस जमले, तर रोज का नाही? मित्राने अर्धमॅरेथॉनसाठी नाव नोंदवले, मग आपणही. ही मंडळी दीड-दोन महिन्यांत अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतात: नडगी दुखते, टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही, गुडघ्याच्या वाटीमागे सलते.

याचे कारण शरीराच्या भागांचे वेगवेगळे वेळापत्रक. हृदय, रक्त आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना महिने लागतात. ताण वाढला की हाड आधी स्वतःचा जुना थोडा भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. काढण्याचे काम तीन-एक आठवड्यांत होते, भरण्याला तीन-एक महिने लागतात. मधल्या काळात ते हाड तात्पुरते कमजोर असते. नवव्या आठवड्यात नवशिका नेमका याच टप्प्यावर असतो. दम सांगतो, अजून धावता येईल. नडगीचे हाड अजून कच्चे असते. इंजिन नवे बसवले, पण चाके आणि सांधे जुनेच, अशा एस.टी.सारखी ही अवस्था असते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आठ आठवड्यांचा कार्यक्रम आणि दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवत नेलेला तेरा आठवड्यांचा कार्यक्रम यांची तुलना झाली. दोन्ही गटांत पाचातल्या एकाला दुखापत झालीच. म्हणजे ‘आठवड्याला दहा टक्के’ या लोकप्रिय नियमात काही जादू नाही. तो नियम मोडून चालेल, असा याचा अर्थ नाही. नियम पाळला म्हणजे दुखणार नाही, या भ्रमात राहू नये, एवढाच अर्थ. आकड्यापेक्षा पायाचे म्हणणे ऐकणे महत्त्वाचे.

ते ऐकायचे कसे, हे शिकवता येते. धावल्यावर मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी जड होणे आणि दीड-दोन दिवसांत मोकळे होणे, हे सरावाचे दुखणे. त्याची चिंता नको. एकाच बाजूला, एकाच जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल, लंगडावे लागत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर थांबले पाहिजे. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते आणि सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात तो दिसतोच असे नाही. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे आग लागल्यावर फक्त घंटा बंद करण्यासारखे आहे. शिवाय घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो, तो वेगळाच.

‘धावल्याने गुडघे झिजतात’ हा घरोघरी ऐकू येणारा समज इथे निस्तरायला हवा. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के होते, तर बैठे आयुष्य जगणाऱ्यांत ते १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के आढळले. आधीच गुडघे झिजलेल्या किंवा वजन खूप असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांशी बोलूनच धावावे. बाकीच्यांनी गुडघ्याच्या भीतीने बसून राहू नये.

स्वतःचे वेळापत्रक

दहाव्या आठवड्यापासून करायचे काय? उत्तर थोडे कंटाळवाणे आहे. पहिले चार ते सहा आठवडे काहीही वाढवू नये. तेच तीन दिवस, तीच तीस मिनिटे, मध्ये एकेक दिवस विश्रांती. या काळात हाडे आणि कंडरा दमाला गाठतात. बरेच नवशिके तीस मिनिटांत पाच नव्हे, तर साडेतीन-चार किलोमीटरच धावतात. त्यात काही कमीपणा नाही. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, मिनिटे आणि जोर कळतो.

वेग ठरवायला महागडे घड्याळ लागत नाही. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एकटे असल्यास मोबाइलवर आईशी बोलतो आहोत, अशी कल्पना करून दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. शब्दाशब्दाला धाप लागली, तर वेग जास्त आहे. एकट्याने धावणारे बहुतेक जण गरजेपेक्षा जोरात धावतात, म्हणून लवकर थकतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ असे ठरवून मोकळे होतात. मध्येच चालावे लागले, तर चालावे. कार्यक्रमाची सुरुवातच चालण्या-धावण्याने झाली होती. ती पद्धत शिकाऊ परवान्यासारखी नाही, आयुष्यभर वापरता येते.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एक दिवस पाच मिनिटे जास्त, किंवा एक दिवस थोडा चढ, किंवा चौथा दिवस. तिन्ही एकदम नाही. वाढवल्यावर दोन आठवडे तिथेच थांबावे. जोडीला आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे घरीच: पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उंचावणे, बैठका, हात न टेकता खुर्चीतून उठणे. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात. धावणे त्यांची पूर्ण भरपाई करत नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात, याचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झाला. ९६ जणांनी एक साधी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगाला जोडून केली. ती आपोआप होऊ लागण्याचा मध्यमान काळ ६६ दिवस निघाला. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस, आणि त्यातही धावण्याचे दिवस फक्त २७. नवव्या आठवड्यात सवय ‘लागली’ असे समजणे म्हणूनच घाईचे ठरते. याच अभ्यासातली दिलासादायक बाब अशी की, एखादा दिवस चुकल्याने सवयीचे विशेष बिघडले नाही. नव्याचे नऊ दिवस संपले म्हणून खेळ संपत नाही. चुकलेला दिवस भरून काढायला दुप्पट धावू नये; पुढच्या ठरलेल्या दिवशी नेहमीसारखे निघावे.

मोठा खंड पडला, तर थोडे मागे यावे. आठवडाभर चुकले असेल, तर पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरेत. तीन-चार आठवडे चुकले, तर कार्यक्रमाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. ताप असताना धावू नये. डेंग्यूसारख्या आजारानंतर अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत आधी फक्त चालावे. महिनोन्महिने धावूनही दम वाढतच नसेल, तर विशेषतः महिलांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक भारतीय महिलांना रक्तक्षय आहे. जिद्द कमी पडते, असे त्यांना वाटत राहते. कमी पडत असते लोह.

एकट्याने धावताना

गटात कुणाचा चेहरा पांढरा पडला, तर शेजारच्याला दिसते. एकट्याला स्वतःवरच लक्ष ठेवावे लागते. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, नेहमीच्या वेगाला अचानक भलतीच धाप लागणे, भोवळ येणे, ठोके अनियमित पडणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि रुग्णालय गाठावे. ‘पित्त असेल’ म्हणून घरी जाऊन जिरेपाणी पिण्यात मोलाचे तास जातात. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि वय काहीही असो, मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार असा इतिहास असलेल्यांनी धावण्याचा जोर वाढवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर धावताना किंवा नंतर काही तासांनी खाली येऊ शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी आणि मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. पावलांना मधुमेहाने बधिरता आली असेल, तर रोज तळपाय पाहावेत; फोड दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच फारशी वाढत नाही. त्यांनी घड्याळातील ठोक्यांच्या आकड्यावर वेग ठरवू नये, बोलण्याचीच कसोटी वापरावी. सर्वांनीच मोबाइल, नाव आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी.

हवामानाचाही विचार हवा. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन चटके देते. उष्ण हवेला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवावे. उन्हात धावताना कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजून सावलीत नेऊन भरपूर पाणी ओतून शरीर थंड करावे आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. हिवाळ्यात मोठ्या शहरांत पहाटेची धुरकट हवा जमिनीलगत साचते. दमा असणाऱ्यांनी अशा दिवशी उशिरा निघावे किंवा घरातच व्यायाम करावा. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जावे. ‘नुसते दात लागले’ म्हणून टाळू नये.

पदकाविना सोबत

इथवरचे सगळे एकेका व्यक्तीने करायचे झाले. पण तिन्ही भार एकट्या व्यक्तीवर टाकणे न्याय्य नाही. यातले सोबतीचे ओझे समाजाला उचलता येते आणि त्याचे उत्तम उदाहरण लंडनच्या बुशी पार्कमध्ये आहे. २००४ मध्ये पॉल सिंटन-हेविट यांनी तिथे तेरा धावपटूंना घेऊन दर आठवड्याची पाच किलोमीटरची धाव सुरू केली. शुल्क नाही, पदक नाही, स्पर्धा नाही. सगळे काम स्वयंसेवकांचे. सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालत येतो, त्यामुळे शेवटचा कोणीच ठरत नाही. ‘पार्करन’ नावाने ही कल्पना पुढे अनेक देशांत पोहोचली. नऊ आठवडे पूर्ण केलेल्या असंख्य लोकांचा दहावा शनिवार तिथे सुरू झाला.

आपल्याकडचे धावण्याचे गट बव्हंशी एखाद्या शर्यतीभोवती फिरतात. शर्यत झाली की गट पांगतो, पुढच्या हंगामात नव्यांची नवी तुकडी येते. प्रशिक्षकांनी आपल्या यशाचे मोजमाप बदलावे. किती जणांनी शेवटची धाव पूर्ण केली, यापेक्षा सहा महिन्यांनी त्यातले किती धावत आहेत, हा आकडा जास्त खरा. शेवटच्या दोन आठवड्यांत सूचना मुद्दाम कमी कराव्यात, दिवस आणि वेग सदस्यांनाच ठरवू द्यावेत, दोघा-तिघांच्या जोड्या लावून द्याव्यात. निरोपाच्या कार्यक्रमात पदकासोबत पुढच्या सहा आठवड्यांचे साधे वेळापत्रक हाती द्यावे. खर्च एका कागदाचा आहे.

नगरपालिका आणि महापालिकांनाही यात काम आहे. शाळांची मैदाने सकाळी कुलूपबंद असतात. बागा उघडतात तोवर नोकरदाराची लोकल सुटलेली असते. पदपथ फेरीवाले, दुचाक्या आणि खड्डे यांच्या ताब्यात असतात. पुरुष पहाटे अंधारात निघू शकतो. दिवे नसलेल्या रस्त्यावर एकटी बाई निघत नाही आणि तिने निघावे, अशी अपेक्षाही करू नये. तिची सकाळ तशीही डबे आणि पाणी भरण्यात जाते. महिलांमधील निष्क्रियतेच्या आकड्यांमागे इच्छाशक्तीपेक्षा हे दिवे, ही कुलपे आणि घरातली न वाटली गेलेली कामे जास्त आहेत. शाळेचे एक मैदान सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी उघडे ठेवणे, तिथे दिवे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असणे, यासाठी मोठ्या योजनेची गरज नसते. आणि घरच्यांनी आठवड्यातले तीन डबे भरले, तर तो कुणावर उपकार नाही.

कार्यक्रमाच्या शेवटच्या दिवशी मिळालेल्या टाळ्या खऱ्या होत्या. त्या माणसाने खरोखर काहीतरी अवघड केले होते. त्यानंतरच्या मंगळवारी टाळ्या नसतील. कानात कुणी ‘अजून एक मिनिट’ म्हणणार नाही. बूट आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवावेत, पाच मिनिटे चालावे आणि मग बोलता येईल इतक्या सावकाश धावू लागावे. गुरुवारी पुन्हा तेच. शनिवारी पाहुणे आले, तर त्यांनाही सोबत घेऊन चालायला निघावे.